रविवारचं गिऱ्हाईक

प्रत्येक मंडळीत एक तरी भाऊ असतो म्हणतात. पुण्यात उलटं आहे. इथं एकच भाऊ प्रत्येक मंडळीत असतो. या रविवारी कॅम्पात, पुढच्या रविवारी खडकीला, मग पिंपरीत आणि महिनाअखेरीस एखाद्या मंगल कार्यालयात. तिथं आदल्या रात्री साखरपुडा झालेला असतो. थर्माकोलची अक्षरं काढायची राहिलेली असतात आणि त्यांच्याखाली उभे राहून पास्टर पश्चात्तापावर बोलत असतात. भाऊंना ते चालतं. कार्यालयाला एसी आहे.

भाऊंची साठी उलटली आहे. सफारी कडक इस्त्रीचा, पवित्र शास्त्राला चेनवालं कव्हर. मंदिरात पाऊल टाकताच ते आधी वर बघतात. श्रद्धेनं नव्हे, पंखा कुठं आहे ते पाहायला. पंखा आणि दार यांचा मेळ बसला की शेवटून तिसऱ्या बाकावर कडेची जागा धरतात. शास्त्रपाठ संपला की मनगटावरचं घड्याळ निघतं आणि मांडीवर येतं. पाळकांना ते दिसतं. ते पाहून एखादा नवा पाळक दुसऱ्या मुद्द्यावरून तडक आशीर्वादावर उतरतो.

निकाल घरी गेल्यावर लागतो. "तीन मुद्दे होते, दोनात भागलं असतं. गाणी 'उपासना संगीता'तलीच घेतली, पण पेटीवाला एक पट्टी वर गेला, बायकांची दमछाक झाली. प्रभुभोजनाच्या कपात रस निम्मा." वहिनी भाकरी थापत ऐकतात. "आणि देव?" असं त्या एकदा विचारून बसल्या होत्या. भाऊ म्हणाले, "तो आपला सगळीकडे सारखाच."

चहाच्या बाबतीत भाऊ विशेष कडक. १८९० साली याच शहरात गोपाळराव जोशांनी टिळक-रानड्यांसारखी बडी मंडळी पंचहौद मिशनमध्ये जमवली. व्याख्यान झालं, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, आणि नंतर हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात झळकली. कोण प्यायलं, कोणी नुसता हात लावला, यावर पुणं भांडलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एवढा गहजब झाला, पण चहा कसा होता याची नोंद कुणीच केली नाही. भाऊ असते तर केली असती. तेव्हाच्या पुणेकरांना मिशनचा चहा प्यायल्यानं धर्म बुडेल अशी धास्ती होती. भाऊंनी चहा पातळ म्हणून दोन मंडळ्या सोडल्या आहेत.

भाऊंच्या आजोबांना ही चैन नव्हती. मिशनऱ्यांनी महाराष्ट्र आपापसांत वाटून घेतलेला होता. नगर-सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूर-सांगलीकडे प्रेस्बिटेरियन, वऱ्हाडात अलायन्स. बाप्तिस्म्याला डोक्यावर पाणी शिंपडायचं की माणूसच पाण्यात बुडवायचा, हा ईश्वरविद्येतला गहन प्रश्न आपल्याकडे तालुक्यावर सुटला. संदेश लांबला तर आजोबा बसल्या जागी झोपत. उठून दुसरीकडे जात नसत, कारण दुसरीकडे म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात. नाही म्हणायला नगर जिल्ह्यात पुढं एसपीजी हे दुसरं मिशनही उतरलं आणि आपली माणसं तिकडं गेल्याची कुरकुर सुरू झाली. तेव्हा भाऊंच्या रक्तात हे अगदीच नसेल असं नाही.

मग १९२९ साली बोलणी सुरू झाली. तब्बल चार दशकं घासाघीस चालली, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. एवढ्या कष्टानं शिवलेलं भाऊंनी एकट्यानं उसवलं. प्रभुभोजन एका मंडळीत, गाणी दुसरीत, संदेश तिसरीत, आजाऱ्यासाठी प्रार्थना मात्र चौथीत, कारण तिथले पास्टर घरी येतात आणि स्वतःच्या पेट्रोलनं येतात.

नवागतांचं स्वागत ही भाऊंची हक्काची जागा. "आज जे प्रथमच आले आहेत त्यांनी कृपया उभं राहावं," असं म्हणताच भाऊ संकोचानं उठतात. टाळ्या होतात, गुलाबाचं फूल मिळतं, कुठं पेन, कुठं वचनाची चिठ्ठी. एका मंडळीत ते तीन वेळा नवीन आले. घरी एक खण भरून मंडळ्यांची नावं छापलेली पेनं आहेत. त्यातल्या एकाचीही शाई उतरत नाही, हाही त्यांच्या निकालपत्रातला एक शेरा.

पण भाऊंचा खरा अवतार पाहायचा तर उपकारस्तुतीच्या सणाला. कुणी गावाकडून बाजरीचं पोतं आणतं, कुणी भोपळा, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. या लिलावाची रीत वेगळी. घेणारा जास्तीत जास्त बोलतो, आणि वस्तू हातात पडली की पुष्कळदा तीच पुन्हा अर्पण करतो. त्यामुळे एकच नारळ चार घरांचे पैसे घेऊन शेवटी पाळकांच्या स्वयंपाकघरात फुटतो. मागच्या खेपेला एक लिंबू पाचशेवर पोचलं होतं. पुकारणाऱ्यानं "पाचशे एक!" म्हटलं, तेवढ्यात मागून भाऊंचा आवाज आला, "बाहेर दहाला तीन आहेत." सगळं अंगण हसलं. भाऊंना कळेना, यात हसण्यासारखं काय? भाव त्यांनी बरोबर सांगितला होता.

भाऊंना नुसतं हसून मोकळं होणं सोपं आहे. मंडळ्या तरी कुठं कमी आहेत? चौकाचौकात फलक लागतात. पाहुण्या वक्त्याचा फोटो नवरदेवाएवढा, खाली 'आजारातून मुक्ती', त्याखाली 'मोफत बस व भोजनाची सोय'. गिऱ्हाईक आपोआप तयार होत नाही. कुणीतरी गल्ला मांडून 'या, या' करावं लागतं. टाळेबंदीत तर सगळ्यांनीच मोबाइलवर दुकान थाटलं. भाऊंनी त्या दिवसांत एका सकाळी तीन शहरांतल्या उपासना केल्या. संदेश दीडपट वेगानं, दानार्पणाच्या वेळी चहा ठेवायला आत.

कुणी टोकलंच तर भाऊ रेव्हरंड टिळकांना पुढं करतात. "नारायण वामन टिळकांनीही मिशन सोडलंच की!" सोडलं, १९१७ साली. पण मिशनच्या पगारावर पाणी सोडून टिळक 'देवाचा दरबार' ही आपली स्वतंत्र मंडळी उभारायला लागले. भाऊंनी सोडलेल्या गोष्टींत अद्याप पगार नाही. मागच्या नाताळात त्यांनी एक मंडळी सोडली ती कॅरल पार्टी त्यांच्या घरी सर्वांत शेवटी, रात्री दीड वाजता आली म्हणून.

या साऱ्यात वहिनी आपल्या जुन्या मंडळीत आहेत. महिला मंडळात त्यांचं बोलणं फारसं कुणाला आठवणार नाही, पण प्रीतिभोजनाला वीस किलो कांदा कोण चिरतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुलाव कसा झाला ते भाऊ सांगतात. मला भाऊंच्या चोखंदळपणाचा राग येत नाही. चव असायला हवी, आणि त्यांचे निम्मे शेरे खरे असतात. तो पेटीवाला पट्टी चढवतोच. मला नवल याचं वाटतं की इतक्या मंडळ्या फिरलेल्या माणसाला खुर्च्या मांडल्या कशा जातात हे अजून माहीत नाही. ते येतात तेव्हा मांडलेल्या असतात, जातात तेव्हा उचलायच्या असतात.

सभासदत्व मात्र भाऊंनी जुन्या मंडळीचं सोडलेलं नाही. मुलीचं लग्न तिथंच झालं, कारण १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावणाऱ्याला अधिकार लागतो. मंगल कार्यालयातल्या पास्टरांकडे उत्साह होता, अधिकार नव्हता. शिवाय जुन्या मंदिराच्या कमानी फोटोत बऱ्या दिसतात. आणि शेवटची गोष्ट दफनभूमीची. वर्गणी थकली तर मातीच्या वेळी कटकट होते, हे भाऊंना पक्कं ठाऊक. म्हणून मार्चअखेरीस ते न चुकता खजिनदारांकडे येतात.

यंदाही आले. पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि आवाज उतरवून चौकशी सुरू केली. कोपऱ्यातली जागा मिळेल का? पावसाळ्यात पाणी साचतं का? लोकांच्या गाड्या कुठं लागतात? खजिनदार बिचारे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी सगळ्याला उत्तरं दिली.

"आणि त्या दिवशीचा संदेश? साधारण किती मिनिटं चालतो?"

"पाळकांवर आहे. पण भाऊ, त्या दिवशी तुम्हाला मधेच उठून जाता यायचं नाही."

भाऊंनी पावतीवरचं नाव नीट तपासलं, वेलांटी दुरुस्त करून घेतली आणि गाडी काढली. साडेदहाला वडगाव शेरीत पाहुणे वक्ते होते.