काळ्या काचेचे मानकरी

पौड रस्त्याने भूगावच्या पुढे निघालं की पुढच्या गाडीची मागची काच वाचण्यात वेळ बरा जातो. गाडी हलत नसतेच, त्यामुळे निवांत वाचता येतं. वरच्या पट्टीत कुलदैवत, मधोमध आडनाव, खाली गावाचं नाव, कोपऱ्यात ‘नाद करायचा नाय’, आणि हे सगळं ठसठशीत उठून दिसावं म्हणून त्यामागे कुळकुळीत काळी फिल्म. म्हणजे आत कोण बसलंय ते कुणाला दिसता कामा नये, पण आत कोण बसलंय हे कळल्यावाचून कुणी राहताही कामा नये. गुप्तता आणि प्रसिद्धी एकाच काचेवर नांदवणारा आमच्या मुळशीखेरीज दुसरा तालुका असेल तर त्याने पुढे यावं.

कायद्याचं म्हणणं मात्र अगदीच गद्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला शंभरावा नियम सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड पार झाला पाहिजे, बाजूच्या काचांतून ५० टक्के. आता रस्त्यात उभं राहून टक्के मोजायचे कुणी? कोलकात्याचे अविषेक गोएंका नावाचे गृहस्थ काळ्या काचांआड गुन्हे होतात म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २७ एप्रिल २०१२ रोजी सरन्यायाधीश कपाडिया यांच्या खंडपीठाने टक्क्यांचा घोळच मिटवला. काचेवर काळी फिल्म किंवा दुसरं काहीही लावायचं नाही, कितीही टक्क्यांचं असो. ४ मे २०१२ पासून बंदी. पुढे त्याच वर्षी असंही बजावलं की पोलिसांनी नुसती पावती फाडून थांबू नये, फिल्मही उतरवावी. वगळलं ते फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना.

इथेच न्यायालयाचा मुळशीचा अभ्यास कमी पडला. झेड प्लस कोणाला द्यायचं हे दिल्लीत ठरतं, अशी न्यायमूर्तींची प्रामाणिक समजूत. आमच्याकडे ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं. माजी सरपंच झेड, आजी सरपंच झेड प्लस, आणि प्लॉटिंगवाल्यासाठी वर्णमालेत पुढचं अक्षरच शिल्लक नाही. ज्याच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका पिरंगुटच्या वडापावचा आहे, तोही चारही काचा चढवून बसतो.

कारण विचारावं तर उत्तर तयार असतं, “ऊन लागतं ओ.” ताम्हिणी घाटाच्या माथ्याशी राहणारा माणूस उन्हाची तक्रार करतो तेव्हा ऐकणाऱ्याने निदान छत्री तरी मिटावी. जूनपासून पुढचे चार महिने इथे सूर्य हा ऐकीव विषय असतो. दुपारी तीनला दिवे लावून घाट उतरावा लागतो, समोर धुकं, मागे धुकं, आणि मधे काळी फिल्म लावलेली गाडी, तीही दिवे न लावता. कारण दिवे लावले तर गाडी दिसेल.

उजेडाशी मुळशीचं नातं तसं जुनंच बिनसलेलं आहे. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला तो टाटांच्या धरणात गावं जाऊ नयेत म्हणून. गावं गेलीच. मुळशीचं पाणी डोंगराखाली भिऱ्याला उतरतं, तिथे त्याची वीज होते आणि झगमगते मुंबई. शंभर टक्के उजेड घाटाखाली पाठवणाऱ्या तालुक्याकडून आता काचेतल्या ७० टक्क्यांचा हिशेब मागायचा, हे जरा जास्तच झालं. त्यातून उरलेल्या जमिनी पाण्याखाली न जाता बंगल्यांखाली गेल्या. गुंठ्यागुंठ्याने विकल्या, गुंठामंत्री जन्माला आले, आणि त्या पैशाचा पहिला दृश्य पुरावा म्हणून दारात पांढरी गाडी आली, काळ्या काचांची. २०१८ साली प्रवीण तरडेंच्या ‘मुळशी पॅटर्न’ने हेच सगळं पडद्यावर मांडलं, जमीन विकून बसलेल्याच्या पोराचं काय होतं ते दाखवलं. तालुक्याने सिनेमा मनावर घेतला. सिनेमाचं नाव मागच्या काचेवर आलं.

या काचेचा खरा कस लागतो तो लग्नात. मंगल कार्यालयाचं आवार, संध्याकाळचे सात, नुकता पाऊस पडून गेलेला, चिखल. एका दादांना गाडी मागे घ्यायची आहे. मागची काच फिल्मने बंद, फिल्मवर महाराजांचं पूर्ण काचभर चित्र, कॅमेऱ्यावर चिखल. दोन पोरं खाली उतरतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...” गाडीच्या पाठीवर तळहाताच्या थापा. दादांना ऐकू येईना म्हणून दादा काच खाली घेतात, मान बाहेर, मग खांदा बाहेर, मग चष्मा कपाळावर. “बास! बास! बास म्हन्लं ना!” खळ्ळ. केटरर्सच्या टेंपोचा दिवा. सगळं वऱ्हाड जेवणावरून उठून बघायला येतं. कोणी बघू नये म्हणून ज्या माणसाने हजारो रुपये घातले, त्याला अर्ध्या तालुक्याने कमरेपर्यंत बाहेर आलेला पाहिला.

नाक्यावरचा प्रकार सगळ्यांना पाठ आहे. हवालदार हात करतो, काच चार बोटं खाली येते, त्या फटीतून आधी गार हवा येते आणि मग मोबाइल. “साहेबांशी बोला.” हवालदार बोलतो, म्हणजे ऐकतो. मोबाइल आत जातो, काच वर जाते. मागून मास्तरांची जुनी मारुती येते, तान्ह्या नातवाच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून एका बाजूला चिकटवलेली जाळी. मास्तरांना साहेब नसतात. जाळी उतरते, पावती होते. ‘दुसरं काहीही’ या दोन शब्दांची अंमलबजावणी देशात कुठे कडक झाली असेल तर ती मास्तरांच्या जाळीवर.

दंडाचं म्हणाल तर २०१२ साली तो शंभर रुपये होता. डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात पहिल्या वेळी पाचशे, पुन्हा सापडलात तर दीड हजार. ४१४१ हा आकडा ‘दादा’ दिसतो म्हणून त्या नंबरला जो माणूस आरटीओत रीतसर मोठी रक्कम भरतो, त्याला पाचशेची पावती म्हणजे पार्किंगचं तिकीट. आता त्या नंबरप्लेटवरही सरकारची वक्रदृष्टी पडली. उच्च सुरक्षा पाटीवर आकडे ठरलेल्या साच्यातच येतात, त्यात दादा दिसत नाहीत, नुसते चार-एक-चार-एक दिसतात. १ मे २०१७ ला गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, मग नंबरचा दादा गेला. माणसाने मोठेपणा दाखवायचा कुठे? उरली काच.

मधे आनंदाची एक लाट येऊन गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की मधल्या काळात बदललेल्या शंभराव्या नियमात बसणारी फिल्म लावायला हरकत नाही. आमच्या व्हॉट्सअॅप गटावर तासाभरात आलं, “काळ्या काचा लीगल झाल्या, पोलिसांना हा मेसेज दाखवा.” निकालातली अट तीच जुनी होती, पुढे-मागे ७०, बाजूला ५०. पण आपल्याकडे न्यायालयाची परवानगी ऐकायची असते आणि अट केरळात ठेवायची असते.

परवा रस्त्याकडेच्या अॅक्सेसरीजच्या दुकानात बसलो होतो. एक तरुण आला. नाक्यावर फिल्म उतरवलेली, काचेवर डिंकाचे ओघळ, चेहऱ्यावर सुतक. दुकानदार भला माणूस. म्हणाला, “भाऊ, आता परत काळी नका लावू. ही बघा नवीन आलीये. कायद्यात बसती. बाहेरून पार साधी काच दिसती, पन आत ऊन म्हनून लागायचं नाय. पोलीस हात बी करनार नाय.”

तरुणाने रोल उजेडात धरला. आरपार दुकानदार दिसला, दुकानदारामागचं कॅलेंडर दिसलं, कॅलेंडरवरची तारीखही दिसली.

“बाहेरून काय कळतच नाय?”

“अजिबात नाय.”

“मग लावू कशाला?”