अल्फा ०.९३

एम.एड.च्या प्रबंधिकेसाठी मी नववीच्या मुलांची वाचनाची आवड मोजायला निघालो. तयार साधन हाती नव्हतं, म्हणून घरीच पाडलं. लिकर्टची १९३२ पासून चालत आलेली पाच पर्यायांची श्रेणी घेतली, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत'. विधानं सुचेनात. मग 'मला वाचायला आवडते', 'वाचन मला आवडते', 'वाचताना मला आनंद होतो' अशी एकाच विधानाची कपडे बदलून वरात काढली.

विश्वसनीयता मोजणारा क्रोनबाखचा अल्फा आला ०.९३! लोक ०.७० वर समाधान मानतात. मी पेढे वाटले.

मार्गदर्शक मॅडमनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारलात, तर पोरं उत्तर बदलतील कशाला?" विधानं एकमेकांना धरून आहेत का, एवढंच अल्फा सांगतो. ती कशाबद्दल बोलताहेत, याच्याशी त्याला घेणं नाही. शिवाय तसल्याच विधानांची भर घालत गेलं की तो फुगतोच.

म्हणून एक नकारार्थी विधान घातलं : 'पुस्तक उघडले की मला झोप येत नाही असे नाही.' मागच्या बाकावरून शंका आली, "सर, म्हणजे येते ना?" मी कागद बघून सांगतो म्हणालो. कागद बघूनही सांगता आलं नाही.

मग पुनर्चाचणी. पंधरवड्याने तीच प्रश्नावली त्याच वर्गाला दिली. सहसंबंध असा जबरदस्त, की मलाच गहिवरून आलं. मॉनिटर म्हणाला, "सर, उत्तरं आम्ही वहीच्या मागे उतरवून ठेवली होती. चुकलं तर मार्क जातील ना?"

राहिली सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का. ग्रंथालयाची नोंदवही आणून ताडून पाहिलं. सर्वांत जास्त गुणांच्या मुलाचं तीत नावच नाही. सर्वांत कमी गुणांच्या मुलीने मात्र कपाट संपवत आणलेलं. 'मी भरपूर वाचते' याला तिने 'असहमत' लिहिलं होतं. का गं? "भरपूर कुठे, सर? मध्येच आई हाक मारते."

मॅडम म्हणाल्या, "आता ही श्रेणी तुम्ही स्वतः भरा." भरली. पैकीच्या पैकी!

"छान. मग तुम्ही संदर्भसूचीत दिलेला क्रोनबाखचा १९५१ चा मूळ लेख काय म्हणतो, ते जरा सांगा."

माझी श्रेणी काय मोजत नाही, याचा भक्कम पुरावा मॅडमना समोरच्या खुर्चीत मिळाला.