मागचं इंजिन

पाऊस लागला की मुंबई-ठाण्याला एकाएकी इगतपुरी आठवते. एरवी ती नाशिकला जाताना लागते, एवढंच.

रविवारी पहाटे कसारा घाटात जाऊन बघा. सायकलवाल्यांचा ताफा निघालेला असतो. अंगाला चिकटलेले झगमगीत कपडे, डोळ्यांवर गॉगल, हँडलवर रस्ता-चढ-वेग-ठोके सगळं मोजणारं यंत्र. कौतुकच आहे. घाट चढणं हे खायचं काम नाही. घाटापलीकडच्या नाशिकच्या दोन डॉक्टर महाजन बंधूंनी तर २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पार केली. त्यांना सलाम.

पण सगळेच महाजन नसतात. काहींची सायकल मोटारीच्या पाठीवर बसून इगतपुरीला येते. घाट चढते मोटार, फोटोत येते सायकल.

त्याच रस्त्यानं जुन्या काळ्या सायकलला दुधाचे कॅन अडकवून कुणी रोज जात असतं. त्याला मात्र सायकलिस्ट म्हणायची पद्धत नाही. अ‍ॅपवर नोंद नसेल तर चढ मोजायचा कसा?

इगतपुरी मुळात रेल्वेचं गाव. कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. चढणच तशी आहे, ३७ फुटांमागे एक फूट. रेल्वेवाले या इंजिनांना बँकर म्हणतात. इगतपुरी आली की ती सुटतात आणि गाडी एकटीनंच घाट चढल्याच्या ऐटीत पुढं निघते.

आपल्या डोंगरवीरांचंही असंच आहे.

इगतपुरीहून घोटीमार्गे बारी गाव गाठायचं आणि कळसूबाई चढायचं. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. खाली उतरायच्या आत स्टेटस पडतं, ‘शिखर जिंकलं!’ अंधारात बॅटरी धरून पुढं चालणारा बारीचा पोरगा त्या फोटोत नसतो. अवघड टप्प्यांवरच्या लोखंडी शिड्याही नसतात. खाली चुलीपुढं बसून भाकऱ्या थापणारी मावशी तर नसतेच नसते.

नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बाया ओटीचं सामान घेऊन, साध्या चपलांवर याच डोंगरावर देवीला जातात. त्यांनी अजून तरी शिखर जिंकल्याचं कुणाला कळवलेलं नाही.

वर लिंबूसरबत मिळतं. लिंबं, साखर, भांडी, सगळं कुणीतरी पाठीवरून चढवलेलं असतं. तरी तिथं घासाघीस चालते. ‘काका, खाली तर निम्म्यात मिळतं.’ मग खालीच प्यायचं होतं की!

अंगात आठ हजारांचं जाकीट. भांडण दहा रुपयांचं.

इगतपुरी गावाच्या माथ्यावर धम्मगिरी आहे, गोयंकागुरुजींचं विपश्यना केंद्र. तिथं दहा दिवसांच्या शिबिरात मौन असतं, मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. खालच्या रस्त्यावर शनिवार-रविवार ब्लूटूथ स्पीकर घेतलेली मंडळी शांतता शोधत फिरत असतात. शांतता सापडत नाही म्हणून आवाज वाढवतात.

जुलैत इथं भाताची आवणी चालू असते. गुडघाभर चिखलात बायामाणसं कमरेत वाकलेली. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबते, चौघं बांधावरून थेट खाचरात. ‘एक रील फक्त!’ लावलेली रोपं पायाखाली, बांध फुटलेला, वर एक हात हलवून ‘थँक्यू दादा’. दादा पुन्हा रोपं लावत बसतात. तुमच्या सोफ्यावर कुणी चिखलाचे पाय घेऊन रील काढली तर?

सोसायटीचा वॉचमन बोलवाल.

आता पावसाचं बोलू. इगतपुरी तालुका धो-धो पावसाचा आणि धरणांचा. दारणा इथंच, ऊर्ध्व वैतरणाही इथंच. त्या वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पण उन्हाळ्यात आपण इथं येतच नाही. फोटो चांगले येत नाहीत ना!

विकास मात्र जोरात आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा, घाट कधी संपला ते कळतही नाही. मुंबईकर लवकर पोचतो. लवकर पोचतो म्हणून लवकर परततो. डबा घरचा, पाणी घरचं, मुक्काम नाही. गावाच्या वाट्याला काय?

रिकाम्या बाटल्या.

येऊ नका असं कुणीच म्हणत नाही. या, जरूर या. पायी या, सायकलवर या, सायकल मोटारीवर लादून आणलीत तरी या. फक्त जेवण गावात घ्या. वाटाड्यानं सांगितलेले पैसे कुरकूर न करता द्या. खाचरात उतरू नका. आणलेला कचरा आणलेल्याच पिशवीतून घरी न्या. आणि स्टेटस टाकाल तेव्हा मागून ढकलणाऱ्यांचं नाव आधी लिहा.

एवढंही जड जात असेल तर रविवारी घरीच थांबा आणि नळ सोडा. इगतपुरीचं पाणी तिथंही येतं, तेही घाट न चढता.