सूचक अनेक, अनुमोदक शून्य

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट या अभियंत्याने हजारेक संगणकतज्ज्ञांसमोर दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. माउस नावाची वस्तू बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पडद्यावर नमुन्याला घेतलेला मजकूर होता घरच्या किराणा-भाजीच्या यादीचा. थोड्या वेळाने पन्नासेक किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधला सहकारी पडद्यावर अवतरला आणि दोघं एकाच वेळी एकाच मजकुरावर काम करू लागले. प्रयोग गाजला. यादीत खोबरं का नाही, असं दोघांपैकी कुणीच विचारलं नाही, हेच त्याच्या यशाचं खरं कारण असावं.

ही करामत घरोघरी पोचायला पुढे जवळपास चार दशकं गेली. २००५ साली रायटली नावाची एक छोटी सेवा निघाली, मार्च २००६ मध्ये गुगलने ती विकत घेतली आणि तिचंच गुगल डॉक्स झालं. आज त्यात एका दस्तऐवजावर एका वेळी १०० जण हात चालवू शकतात. हा आकडा ठरवणाऱ्याने पुण्यातली गृहनिर्माण सोसायटी पाहिलेली नसणार.

कुठलीही ऐंशी-नव्वद सदनिकांची सोसायटी घ्या. कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकली जाते. पूर्वी सचिव वहीत हाताने इतिवृत्त लिहीत, पुढच्या वर्षी एका दमात वाचून दाखवत आणि सभासद चहाकडे डोळे लावून ते कायम करत. आता हिंजवडीत नोकरी करणारे तरुण सचिव आले. त्यांनी पारदर्शकतेच्या भरात इतिवृत्ताची लिंक रात्री नऊला व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. परवानगी कुणाला? लिंक असलेल्या कोणालाही. कसली? संपादनाची.

ठराव क्रमांक ४ साधा होता : ‘पाहुण्यांच्या वाहनांसाठी दोन जागा राखीव ठेवाव्यात. ठराव सर्वानुमते मंजूर.’ पहिल्या पाच मिनिटांत ‘सर्वानुमते’चं ‘बहुमताने’ झालं. कुणीतरी त्याआधी ‘प्रदीर्घ चर्चेअंती’ घातलं. खजिनदारांनी दोन जागांची एक केली. बी विंगमधल्या निवृत्त मराठीच्या बाई पार्किंगच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्यांनी फक्त ह्रस्व-दीर्घ सुधारले. अडचण एवढीच, की त्या सुधारत असलेलं वाक्य वरच्या मजल्यावरून कुणीतरी त्याच क्षणी पुसत होतं. पुणं झोपलं तेव्हा न्यू जर्सीत दुपार होती. तिथल्या सदनिकाधारकाने जेवणाच्या सुट्टीत ‘पाहुण्यांच्या’ऐवजी ‘परदेशस्थ सभासदांच्या’ असं करून टाकलं.

वर कोपऱ्यात एक ‘अनामिक क्वागा’ही दिसत होता. खात्यात न शिरता नुसत्या लिंकवरून आत येणाऱ्याला गुगल एखाद्या प्राण्याचं नाव चिकटवतं. क्वागा हा झेब्र्याचा भाईबंद. शेवटचा १८८३ साली ॲम्स्टरडॅममध्ये मेला. नामशेष होऊन शतक उलटलेलं जनावर पार्किंगचा ठराव वाचायला परत येतं, यावरून पुण्यात पार्किंगची काय किंमत आहे ते समजावं. हा क्वागा म्हणजे बिल्डर, भाडेकरू की शेजारची सोसायटी, यावर समितीत अजून एकमत नाही.

दुसऱ्या दिवशी शहाणपण सुचलं आणि सर्वांना फक्त ‘सूचना’ करण्याची मुभा दिली गेली. ही सोय गुगलने २०१४ मध्ये आणली : मूळ मजकूर तसाच राहतो, बदल रंगीत दिसतात आणि कुणीतरी ते स्वीकारायचे किंवा फेटाळायचे. सहकारी चळवळीला सूचक-अनुमोदक नवे नाहीत. पण इथे सूचक सगळेच झाले आणि फेटाळण्याचं बटण दाबून वाईटपणा घ्यायला कुणी धजेना. संध्याकाळपर्यंत ठराव क्रमांक ४ होळीतल्या सदऱ्यासारखा दिसू लागला.

यात यंत्राचा दोष नाही. दोघांनी एकाच जागी अक्षर टाइप केलं तर कुणाचं कुठे बसवायचं, याचं गणित एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी १९८९ मध्येच मांडलं होतं. अक्षरांचं भांडण तेव्हापासून मिटत आलं. माणसांच्या भांडणाचं सूत्र त्यात नव्हतं.

परदेशातल्या मोठ्या घरांनीही हात पोळून घेतले आहेत. जून २००५ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने इराक युद्धावरचा अग्रलेख वाचकांना ऑनलाइन दुरुस्तीसाठी खुला केला. अश्लील चित्रांचा असा पाऊस पडला, की दोन-तीन दिवसांतच दुकान बंद करावं लागलं. २००७ मध्ये पेंग्विन प्रकाशनाने ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाच्या साथीने ‘अ मिलियन पेंग्विन्स’ ही सार्वजनिक कादंबरी लिहायला काढली. सुमारे १५०० जणांनी हातभार लावला. त्यातल्या एकाने जमेल तिथे केळी घुसवली. अखेर कादंबरीची केळीवाली आवृत्ती वेगळी काढावी लागली.

मात्र १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया चालू आहे आणि तिथे कुणीही लिहू शकतं. तो टिकला, कारण वादाला चर्चा पान आहे, मारामारी वाढली तर पानाला कुलूप लावणारे प्रचालक आहेत. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, रुग्णालयांतल्या खाटा आणि ऑक्सिजनच्या याद्या अशाच सामायिक शीटवर फिरल्या. त्यातल्या कामाच्या याद्यांमध्ये स्वयंसेवक फोन करून खात्री करत आणि शेजारच्या रकान्यात वेळ टाकत. बाकीच्यांनी फक्त वाचायचं होतं.

सोसायटीत शेवटी कुणीतरी आवृत्त्यांचा इतिहास उघडला. कोणी, किती वाजता, काय बदललं, सगळं नावानिशी. त्यात अध्यक्षांनीच रात्री पावणेबाराला ‘अध्यक्षांनी आभार मानले’ खोडून ‘अध्यक्षांचे मनःपूर्वक आभार मानण्यात आले’ केल्याचं निघालं. इतकं खरं इतिवृत्त सोसायटीच्या इतिहासात दुसरं नसेल, पण ते वहीत चिकटवता येत नाही.

तेव्हा समस्त सचिवांना विनंती : लिंक टाकण्याआधी संपादनाचा अधिकार दोघांपुरताच ठेवा, बाकीच्यांना टिप्पणी करू द्या, शेवटची तारीख लिहा आणि त्या रात्री लिंक बंद करा. सही अजूनही अध्यक्ष आणि सचिव या दोघांचीच लागते, क्वागाची नाही.