श्रीखंडाच्या डब्यातली चुगली

अहो, ऐकलंत का? समोरच्यांच्या धाकटीने नाचरे दिवे केलेत. घरी! पुण्यातल्या तापकीर गल्लीतून ती डब्ल्यूएस-२८१२ ची एलईडी पट्टी आणली, मीटरला ६० दिवे, दिव्यागणिक रंग वेगळा. आणि ते इएसपी-३२, बोटाएवढं कंट्रोलर बोर्ड, सोबत माइक. सगळा संसार श्रीखंडाच्या डब्यात... झाकणातून उजेड छान पसरतो म्हणे. खाली पॉवरबँक चिकटवली की डबा काखोटीला मारून चालू लागायचं.

तिचे बाबा कसे ते तुम्हाला माहीतच आहे. "माळ बाजारात मिळते की!" पोरगीही खमकी. म्हणाली, "बाबा, बाजारची माळ ढोल-ताशा ओळखते का?" आणि खरंच हो! ढोलाचा ठोका पडला की लाल, ताशा कडाडला की निळं. जाड आवाज, बारीक आवाज, ते चिमुकलं बोर्ड गणित करून वेगळं काढतं. बाबा गप्प. मग त्यांनाच हौस, सगळे दिवे पांढरे, फुल! झालं. पट्टीने मागितले ३.६ अँपिअर, पॉवरबँक दोनची... अंधार. चेहरा असा पडला म्हणता! तिने निमूट ब्राइटनेसला प्रोग्राममध्येच लगाम घातला.

तर काय सांगत होते... हां, आरतीनंतरचं. डबा मांडवात तसाच चालू. कोपऱ्यात ब-विंगच्या काकू सेक्रेटरीवहिनींच्या कानाला लागल्या. कुणाची तरी चुगली, आणखी काय! अगदी कुजबूज हो, पण डबा लखलखायला लागला! काकू बोलल्या की निळा, थांबल्या की मंद. कुजबुजीत जाड आवाज नसतोच ना, सगळा फुसफुसाट. अख्खा मांडव वळून बघतोय. शेवटी जिच्याबद्दल चाललं होतं तीच म्हणाली, "काकू, जरा मोठ्यानं बोला, आम्हाला लाल बघायचाय." अगं बाई! वहिनी लगेच प्रसादाच्या ताटाकडे सरकल्या, आणि काकूंचा चेहरा... जाऊ दे.

पोरगी म्हणते, दोष माइकचा. ऑटो-गेनवाला होता, शांत झालं की आपणहून कान टवकारतो. आता साधा लावलाय, मागच्या बारीक स्क्रूने गेन एकदाच ठरवायचा. तो स्क्रू किती पिळलाय, हे काकू येता-जाता तिच्या आईला विचारतात. आणि आई काय म्हणते सांगू? "डब्याला विचारा."