अशक्तपणा आहे

डेंग्यू होऊन गेलेले अण्णा सोलापुरात पेठेगणिक एक तरी निघतातच, त्यामुळे त्यांची ओळख करून देण्यात वेळ घालवायला नको. ताप जाऊन तिसरा आठवडा लागलेला. रक्ताचा रिपोर्ट चांगला. डॉक्टरांनी "आता हिंडायला-फिरायला लागा" असं तोंडावर सांगितलेलं. आणि अण्णा मात्र दारापुढे खाट टाकून, गळ्यापर्यंत चादर ओढून, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताहेत, "तसं बरं आहे. पण अशक्तपणा आहे."

हा अशक्तपणा फार हुशार असतो. दळण आणायचं म्हटलं की तो गुडघ्यात उतरतो, लाइटबिल भरायचं म्हटलं की डोक्यात चढतो, आणि मेहुणीच्या मुलाच्या लग्नात आहेर काय करायचा हे ठरवायला घरातले बसले की सर्वांगात पसरतो. उलट कोणी डिस्को भज्यांची पुडी घेऊन आलं, तर अर्धा तास कुठेतरी बाहेर जाऊन येतो.

त्याचा खरा जोर पाण्याच्या दिवशी. सोलापूरकराला हा दिवस समजावून सांगायची गरज नाही. इतरांसाठी एवढंच, की भीमेवर उजनीसारखं धरण आहे, तिथून शंभरेक किलोमीटरची जलवाहिनी शहरात आली आहे, आणि नळाला पाणी मात्र चार-पाच दिवसांआड येतं. कधी पहाटे, कधी मध्यरात्री. ओरड झाली की घरादाराने उठायचं, मोटार लावायची, टाकी, पिंपं, घागरी, बादल्या, शेवटी तांबेसुद्धा भरायचे. या धांदलीत खाटेवरून आवाज येतो, "मला जरा चक्कर येलालीय बघ." दोन मिनिटांनी पुन्हा, जरा खणखणीत, "त्या निळ्या पिंपावर झाकण टाका. डास होतात."

सूचना शास्त्राला धरून असते, आणि त्यामुळेच जास्त चीड येते. डेंग्यूचा एडिस डास गटारात होत नाही. त्याला स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असं महापालिका सांगते. पाणी पुन्हा कधी येईल हे ती इतक्या खात्रीने सांगत नाही. भरलेलं पिंप ओतून द्यायची छाती मग कुणाची होणार? गावाचा डेंग्यू असा पाण्याच्या वेळापत्रकातून येतो. अण्णांचा मात्र त्यांच्या निळ्या पिंपातून आला होता. त्याला झाकण नव्हतं, आणि ते आणायचं काम उन्हाळ्यापासून अण्णांकडेच होतं.

भेटायला येणाऱ्यांना अण्णा आधी पेशी सांगतात. रक्तात बिंबिका दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असाव्यात, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, तरी सुरुवात तिथूनच होते. मग, "बुधवारी ऐंशी हजार. गुरुवारी बासष्ट. शुक्रवारी..." इथे पाण्याचा एक घोट. "अठ्ठेचाळीस!" बाजार समितीत कांद्याचा पडलेला भाव शेतकऱ्याने सांगावा, तसा हा आकडा पडतो. ऐकणाऱ्याने "अरे बापरे" म्हणायचं असतं. एका पाहुण्याने ते न म्हणता "आमच्या साडूच्या बारा हजारांवर गेल्या होत्या" असं सांगितलं, तेव्हा अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तो गेल्यावर म्हणाले, "आकड्यात काय आहे? अशक्तपणा बघायला पाहिजे."

बहुतेकांच्या पेशी आपोआप चढतात, हे डॉक्टर सांगून थकले. या तापावर नेमकं औषध नाही. पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि नजर ठेवणं, एवढाच उपचार. धोक्याचे दिवस ताप उतरू लागताना येतात, तेव्हा माणूस बरं वाटून उठायला बघतो. अण्णा त्या दिवसांत उठले नाहीत याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पुढे कधीच उठले नाहीत, ही गोष्ट वेगळी. पेशी वाढल्याचं श्रेय मात्र पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध आणि किवी यांनी वाटून घेतलं. सोलापूर हा डाळिंबाचा जिल्हा, शहराला लागून केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र. आणि इथल्या आजाऱ्याला भेटायला जाणारा माणूस किवी घेऊन जातो! अण्णांच्या उशाशी त्यांची रांग लागली होती. सालीसकट खायचा की सोलून, हे विचारायचा संकोच झाल्याने ती तशीच सुकून गेली.

"किती दिवस झोपणार?" असं मुलाने विचारलं, की अण्णा डॉक्टर कोटणीसांना पुढे करतात. "आपल्या गावचं पोरगं. 1938 ला चीनला गेलं, पाच डॉक्टरांच्या पथकातून. लढाईवर ऑपरेशनावर ऑपरेशन. फिट्स येऊ लागल्या तरी काम सोडलं नाही. 1942 च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, गेलं. शांतारामबापूंनी पिक्चर काढला, भैय्या चौकात स्मारक झालं, सगळं झालं. पण वेळेवर विश्रांती घेतली असती तर?" यातला प्रत्येक शब्द खरा असल्याने मुलाला उत्तर सुचत नाही. दळणाचा डबा उचलून तो स्वतःच चक्कीवर जातो.

आजारपणाच्या शेवटच्या टोकाला जी ऐश असते, तिचा अण्णांनी बारकाईने अभ्यास केला आहे. तापात पाणीसुद्धा कडू लागतं. त्यानंतर ताकातल्या ज्वारीच्या कण्यांचा पहिला घास लागतो तसा आयुष्यात काही लागत नाही, असं त्यांचं मत आहे. दुसऱ्या आठवड्यात कण्यांची जागा कडक भाकरीने घेतली. मालदांडीची पातळ, पापडासारखी कुरकुरीत भाकरी हाताने चुरायची, तिच्यावर आमटी ओतायची आणि भिजायच्या आत संपवायची. शेंगाचटणीला डॉक्टरांची बंदी होती. पण उखळात कुटलेली, तेल सुटलेली ती तांबडी चटणी उशाखालच्या औषधांच्या पिशवीत सापडली, तेव्हा अण्णा म्हणाले, "तोंडाला चव नाही. तेही अशक्तपणामुळंच."

सकाळी आठ ते दहा ऊन. ऊन सरकेल तशी खाट सरकते. ती सरकवायला दोन माणसं लागतात, आणि अण्णा तेव्हा खाटेवरच असतात. मग 'संचार'. पहिल्या पानापासून जाहीर नोटिसा आणि निविदांपर्यंत. "दक्षिण सोलापुरात कुणाची तरी सातबाऱ्यावर हरकत आहे," हे ते जेवताना घरच्यांना सांगतात. दुपारी डोळे मिटून पडतात, पण झोपत नाहीत. मागच्या बोळात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो. त्यातून मध्येच, डोळे न उघडता, अण्णा म्हणतात, "तिसऱ्यावर धागा तुटला बघ." थोड्या वेळात एक माग खरोखरच थांबतो.

या सगळ्याचा फुगा गड्ड्याच्या यात्रेत फुटायला हवा होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात. सकाळी सुरू झालेली प्रदक्षिणा रात्रीपर्यंत चालते. 13 जानेवारीला पांढरी बाराबंदी आणि फेटा चढवून अण्णा जे घराबाहेर पडले, ते रात्री परतले. अनवाणी. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळ्यालाही हजर होते. गर्दीत नातवाला खांद्यावर घेतलेलं गल्लीतल्या चौघांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी होम आटोपून घरी येतात तोच नळाला पाणी सुटलं. अण्णांनी फेटा काढला, खाट गाठली आणि चादर ओढली. मुलाने नुसतं बघितलं. अण्णा म्हणाले, "ते सिद्धेश्वराचं बळ. आपलं नव्हं."

एवढ्यावर अण्णांना कामचुकार ठरवून मोकळं होता आलं असतं. अडचण अशी, की हा माणूस त्याआधी जवळजवळ तीस वर्षं आजारीच पडला नव्हता.

वयाच्या विशीत अण्णा गिरणीत लागले, साचेखात्यात. तेव्हा गाव भोंग्यावर उठायचं. 1870 च्या दशकात मुरारजी गोकुळदासांनी काढलेली जुनी मिल बंद पडली होती, पण विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी चालू होत्या. गिरणीच्या नोकरीत पगार बेताचा, पण आजारी पडायची सोय होती. खिशात राज्य विम्याचं कार्ड. ताप आला की विम्याच्या दवाखान्यात जायचं, डॉक्टर चिठ्ठी द्यायचे, आणि माणूस कायदेशीर झोपायचा. कर्मचारी राज्य विमा कायदा 1948 चा. आजच्या नियमाने नोंद असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षातल्या 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळतो. तेव्हा निम्म्याच्या आसपास मिळायचा. अण्णा त्या काळात एकदाच पडले होते, टायफॉइडने. अजून त्या दिवसांची आठवण काढतात ती कुणी माथेरान-महाबळेश्वरची काढावी तशी.

नव्वदच्या दशकात त्यांची गिरणी बंद पडली. पूर्वभागात एका यंत्रमागावर काम मिळालं. टॉवेल आणि चादरी. तिथे जितका माल तितकी मजुरी. दहा माणसांच्या आतल्या कारखान्याला विम्याचा तो कायदा लागत नव्हता, आणि तिथे नऊच माणसं होती. आजाराचा दिवस म्हणजे बिनपगारी दिवस. मग अण्णांनी आजारच बंद केले. पाठीत उसण भरली, तरी माग चालू. चिकुनगुन्याच्या साथीत बोटं मिटत नव्हती, तेव्हा गाठी शेजारच्या पोराकडून मारून घेतल्या, पण सुट्टी नाही. मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कामावर. वयाच्या चौसष्टीला मालकाने माग भंगारात काढले तेव्हा अण्णा घरी बसले, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर डेंग्यू झाला.

गल्लीला हा हिशेब अण्णांनीच एकदा सांगितला, पेशींच्या आकड्यांच्या अधेमधे, सहज. "इतक्या वर्षांची रजा साठलीय बे. सगळीच थोडी घेतोय मी?" त्यानंतर मुलाने दळणावरून बोलणं कमी केलं. पाण्याच्या दिवशी अजून बोलतो, आणि त्याचंही बरोबर आहे.

फेब्रुवारीत अण्णांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ताप आला. डेंग्यू नव्हता, साधा चार दिवसांचा. काकू विड्या वळतात. कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा आणायचा आणि मोजून विड्या द्यायच्या, हजारामागे मजुरी. दुसऱ्या दिवशी अंगात कणकण असतानाच त्यांनी मांडीवर सूप ओढलं. अण्णा खाटेवरून ओरडले, "ठेव ते! अशक्तपणा असतो नंतर!"

"तो तुम्हाला," काकू म्हणाल्या.

अण्णा उठले. सूप काढून घेतलं, काकूंना खाटेवर घातलं, वर चादर टाकली. पहाटे पाणी आलं तेव्हा एकट्याने सगळं घर भरलं. बाजारात जाऊन निळ्या पिंपाला झाकण आणलं; ते दोन बोटं लहान निघालं, म्हणून वर पाटा ठेवला. कण्या शिजवल्या. त्या खाली लागल्या, पण काकूंनी खाल्ल्या, आणि चव नसल्याचं कारण सांगायला त्यांनाही ताप होताच. एवढ्यावर थांबायचं, तर काकूंचा खाडा पडू नये म्हणून अण्णा स्वतः विड्या वळायला बसले. माग चालवलेल्या हाताला विडी काय अवघड, असं त्यांना वाटलं. एकेक पान कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून संध्याकाळपर्यंत त्यांनी चांगला ढीग घातला.

कारखान्यात तो सगळाच्या सगळा छाटात गेला. वर, वाया गेलेलं पान भरून द्या, असं सांगणं आलं. ते भरून काढायला काकू तिसऱ्या दिवशी उठून सूप घेऊन बसल्या. अण्णा पुन्हा खाटेवर होते. दिवसभर मांडी घालून बसल्याने अशक्तपणा परत आला होता.