कुंडीतलं कोरडवाहू पीक

घाटंजीत उन्हाला तोटा नाही. तेव्हा वाळवंटातलं निवडुंग इथे आपोआप जगेल, असं नवशिक्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. तीन मेली.

आधी खरेदी. लिंबाएवढं, गोल मॅमिलेरिया मागा. मूळ गाव मेक्सिको. डोक्यावर फूल दिसलं म्हणून दहा रुपये जास्त मोजू नका, फूल नखाने हळूच हलवून पाहा. माझ्या पहिल्या निवडुंगावरचं लाल फूल चार महिने कोमेजलं नाही. येईल त्या पाहुण्याला मी ते दाखवत होतो. मग एक दिवस पाकळ्यांखाली वाळलेल्या गोंदाचा थेंब दिसला. खरं फूल ऐन शेंड्यावर चिकटलेलं नसतंच. जवळून बघा : अंगभर बारीक उंचवटे, त्यांच्या टोकाशी बोंडातून कापूस डोकावावा तसा पांढरा पुंजका आणि त्यातून काटे. हे काटे म्हणजे त्याची पानं. फूल निघतं दोन उंचवट्यांच्या बेचक्यातून, आणि अशा फुलांचं डोक्याभोवती गजऱ्यासारखं कडं होतं.

माती शेतातली काळी नको. आपल्या कपाशीला जगवणारी ही माती ओल धरून ठेवते, त्यात याची मुळं सडतात. मुरूम, वाघाडी नदीची जाड वाळू, मूठभर कुजलेलं शेणखत, बस.

आता अवघड भाग, म्हणजे घरची माणसं. पाणी उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, माती खडखडीत वाळल्यावर. हिवाळ्यात जवळपास बंद. हे मी आईला तीनदा सांगितलं. तुळशीला पाणी घालून परतताना ती हमखास थांबायची. “मरून राह्यलं होतं ना ते, म्हून टाकलं गडूभर.” आठवड्याने रोपाला बोट लावलं तर पिकल्या टमाट्यासारखं आत गेलं. कुंडी तुळशीपासून लांब ठेवा. पावसाळ्यात तर पत्र्याखालीच.

वाळवंटातलं आहे म्हणून मे महिन्यात गच्चीवर भाजायलाही ठेवू नका. तिकडेही ही छोटी मंडळी झुडपांच्या, गवताच्या आडोशाने वाढतात. हिरवी जाळी बांधा. दिवसा निवडुंग श्वासाची छिद्रं मिटून बसतं आणि हवा आत घेतं रात्री. मे महिन्यात आपणही दुपारी दारं-खिडक्या लावून रात्री गच्चीवर जातो, तसंच.

डिसेंबर-जानेवारीची थंडी कोरडी काढली, तर उन्हाळ्याच्या तोंडाशी कळ्या धरतात. नंतर लाल, लांबट फळं येतात. मेक्सिकोत त्यांना ‘चिलितो’, म्हणजे छोटी मिरची म्हणतात; तिखट मात्र नसतात. पण बऱ्याच जातींना एकट्याने फळ धरत नाही, परागासाठी दुसरं रोप लागतं. ते स्वतःच आणा. शेजाऱ्यांच्या रोपाच्या भरवशावर राहायचं असेल, तर त्यांच्याकडचा गडू केवढा आहे ते आधी पाहून या.